दर आठवड्याला एक कोडं

६ सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघी मायलेकी पोचलो, सामानही पोचलं, फक्त पोळपाट वाटेत कुठेतरी राहिला. फोनवर आपण 'बरं आहे, बरं आहे' म्हणतो आणि ठेवून देतो, म्हणून हे पत्र.

घर चौथ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, त्यातल्या एकीला खिडकी. जिन्यातल्या दिव्याचं बटण दाबलं की तो लागतो आणि आपण तिसऱ्या मजल्यावर असताना आपोआप विझतो. चौथा मजला रोज चाचपडत गाठायचा. मुंगीला त्यात मजा वाटते, मला हातात पिशव्या असतात.

काम सुरू झालं. वृद्धाश्रमाचा दुसरा मजला माझ्याकडे आहे. म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं. माणसं चांगली आहेत, पण जड आहेत गं! संध्याकाळी पाठ माझी राहत नाही. ती कुणाचीतरी उसनी आणली असावी असं वाटतं.

आता मुद्द्याचं. मुंगीला शाळेत घेतलंय, तिच्या वयाच्या वर्गात. पण वर्गाच्या बाईंनी मला थांबवून हळूहळू, हातवारे करत समजावलं, की हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत तिला वर्गात थोडंफार फ्रेंच बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर सुट्टीनंतर तिला दोन वर्ग खाली, अगदी लहान्यांत बसवणार. पाच-सहा वर्षांची मुलं ती, नाक पुसायला शिकतायत अजून. आठ वर्षांच्या मुलीला तिथे बसवायचं? तिच्या वडिलांनी दुसरं घर मांडलं तेव्हा ती आठवडाभर तोंडातून शब्द काढत नव्हती. आता पुन्हा तेच नको.

शिकवणी लावायची ऐपत नाही आणि मला स्वतःला कामापुरतंच येतं. तू एवढी वर्षं शाळेत फ्रेंच शिकवलंस, साप्ताहिकाच्या मुलांच्या पानात शब्दकोडी केलीस. मुंगीसाठी दर आठवड्याला एक करशील का? सूचना मराठीत, उत्तरं फ्रेंच. तिला कोडी आवडतात. कागदावर तरी ती बोलते.

मामाला नमस्कार. त्याचा गुडघा कसा आहे?

तुझी,
बयो

१७ सप्टेंबर

चि. बयोस,
अनेक आशीर्वाद.

सोबत पहिली तीन कोडी आहेत. एकदम देऊ नकोस, लाडवासारखं एकेक काढ.

मुलांचं कोडं करणं मोठ्यांच्यापेक्षा अवघड असतं, हे कुणाला सांगून पटत नाही. मोठ्या माणसाला अडलं तर तो छपाईला शिव्या देतो. मूल अडलं की स्वतःला मठ्ठ समजतं. म्हणून कोपऱ्यात सोपे शब्द टाकायचे, म्हणजे सुरुवात होते. फ्रेंचमध्ये कोपऱ्यात बसतील असे छोटे, स्वरांनी भरलेले शब्द देवाने मुबलक दिलेत. गाढव, बेट, हंस, पाणी, नाक, राजा. कोडी करणाऱ्या कुणाचंही या भाषेतलं जग बघ, एका बेटावर एक राजा नाक वर करून बसलेला असतो आणि सभोवती गाढवं नि हंस.

नियम तीन. पेन्सिलनेच भरायचं. तू सांगायचं नाहीस. आणि भरलेलं कोडं मला परत पाठवायचं नाही, टपालाचा खर्च नको. बरोबर आलं की नाही, एवढंच कळव.

तुझा मामा खालच्या पेटीत पत्र टाकायला जातो आणि वर आल्यावर अर्धा तास मला त्याच्या गुडघ्याचं वर्तमान सांगतो. परवा म्हणाला, "ताई, ती पोरगी शिकेल फ्रेंच, पण मी होईन लंगडा." मी म्हटलं, "तू आधीपासूनच लंगडा आहेस, फक्त आता कारण सापडलंय." त्यावर गाल फुगवून बसला. संध्याकाळी चहाला बरोबर हजर.

मी छान आहे. पाठीला शेक घेत जा. माणूस उचलताना कंबरेतून वाकू नये, गुडघ्यातून वाकावं.

तुझी,
मावशी

५ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न.

तुझी कोडी म्हणजे या घरातला सणच झालाय. टेबल डुगडुगतं म्हणून मुंगी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून भरते. दिवा विझला की बसल्या जागेवरून मागे हात करते, बटण दाबते आणि पुढे लिहिते. पहिलं सोडवायला तिला पूर्ण संध्याकाळ लागली. दुसऱ्याला निम्मी. तिसरं मी भाजी चिरेपर्यंत झालं. सगळं बरोबर, मी शब्दकोशात एकेक ताडून पाहिलं.

शाळेचं ठीक आहे.

माझं फ्रेंच मात्र मजेदार होत चाललंय. मला नुसते हुकूम येतात. वळा. धरा. हात वर. तोंड उघडा. गिळा. परवा दुकानात बटाटे घेताना मी दुकानदाराला "उठा" म्हणाले. तो बसलेलाच होता, मुकाट्याने उठला बिचारा. मुंगीला नुसत्या वस्तू येतात, मला नुसत्या आज्ञा. आम्ही दोघी मिळून एक वाक्य होतो. पण वाक्य काय होतं माहीत आहे? "गाढव, गिळा."

मावशी, तुझं अक्षर बरंच मोठं झालंय या वेळी. मुंगी म्हणते, मावशीआजी कागदावर ओरडून बोलते. बरी आहेस ना?

पाठ आहे तशीच. मुख्य परिचारिका म्हणते, सवय होईल. तिची स्वतःची पाठ पट्ट्यात आवळलेली असते.

आणखी कोडी पाठव. तिला आता चटक लागली आहे.

तुझी,
बयो

२० ऑक्टोबर

चि. बयोस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मग मामाला मोठ्याने वाचून दाखवायला लावलं, मला कौतुक ऐकायचं होतं म्हणून. भाजी चिरेपर्यंत कोडं! माझ्या वर्गात पंचवीस वर्षांत अशा दोनच मुली निघाल्या, त्यातली एक पुढे दुभाषी झाली. दुसरीने लग्न केलं. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनाही सांगितलं मी, की आमची मुंगी सुट्टीच्या आत फाडफाड बोलायला लागणार. त्या म्हणाल्या, "तुमचंच रक्त." मी काही नाही म्हटलं नाही.

अक्षराचं काही नाही, नवीन पेन जाड उमटतं.

पुढची चार कोडी सोबत आहेत. बाईंना भेटशील तेव्हा सांग, हिच्या घरी फ्रेंचची जुनी मास्तरीण आहे म्हणावं. हिला लहान्यांत बसवायचा विचार त्यांनी डोक्यातून काढावा. बोलणं शब्दांमागून येतं. शब्द आले की तोंड आपोआप उघडतं, मी काय थोडी मुलं पाहिलीत?

मला इथे थकायला होतं अलीकडे, पण वयाला काहीतरी करू द्यायला हवं. दुपारी पडते थोडी. पडल्या पडल्याही तुझ्या मुलीसाठी शब्द जुळवत असते. तेवढाच एक विरंगुळा.

तुझी,
मावशी

१२ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न.

पुष्कळ दिवस पत्र नाही, रागावली असशील. मी मुद्दामच लिहिलं नाही. 'शाळेचं ठीक आहे' असं मी लिहिलं होतं. ते ठीक नाही, तेव्हाही नव्हतं.

मुंगी शाळेत एक अक्षर बोललेली नाही. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत. हजेरीला हात वर करते, तेवढंच. बाई म्हणतात, लिहून दे म्हटलं तर व्यवस्थित लिहिते, पण तोच शब्द कुणी बोलला तर तिला ओळखू येत नाही आणि स्वतः तर बोलतच नाही. मला वाटायचं, होईल सुरू. घरी कोडी बरोबर येतायत, म्हणजे आत काहीतरी साठतंय. तुझी पत्रं वाचून धीर यायचा. म्हणून तुलाही कळवलं नाही, तू एवढ्या आनंदात होतीस.

गेल्या मंगळवारी घरी आली तर डाव्या हाताचं बोट काळंनिळं. दाराच्या फटीत सापडलं होतं, सकाळी. दिवसभर तशीच बसली. सांगितलं नाही कुणाला, रडलीही नाही. मी विचारलं, "अगं, बाईंना का नाही सांगितलंस?" तर म्हणते, "काय सांगू?" तिला बोट हा शब्द येतो, मावशी. तुझ्या दुसऱ्या कोड्यात होता.

त्यानंतर तुझी नवी कोडी तिच्यापुढे ठेवली. चौकटीचा कागद दिला आणि सूचनांचा कागद माझ्याकडून पाकिटातच राहिला. मी भांडी घासून आले तर हिने निम्मी चौकट भरलेली. सूचना न वाचता! मी म्हटलं, "हे कसं केलंस?" ती अगदी सहज म्हणाली, "काळी घरं नेहमी तिथेच असतात ना. कोपरे तेच. मधलं तेवढं मावशीआजी बदलते, ते वाचावं लागतं."

मग मी सगळी कोडी पलंगावर मांडून बघितली. एकच चौकट आहे गं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. तेच गाढव, तेच बेट. मी येडी शब्दकोशात ताडून बघत होते आणि 'सगळं बरोबर' म्हणून तुला कळवत होते.

तू थकली असशील, वेळ नसेल, तसं सांगायचं होतंस. मी तुझ्याकडे काही हक्काने मागितलं नव्हतं. मागितलं असेन तर चुकले.

माझ्याच्याने आता होत नाही, मावशी. सकाळी सहाला मी दुसऱ्यांच्या आयांना आंघोळ घालायला जाते आणि माझी पोर काळं बोट घेऊन गप्प बसते. बाईंनी सांगितलंय, सुट्टीच्या आधी शेवटची भेट, त्यात ठरवणार. लहान्यांत बसवण्यापेक्षा मी तिला तुझ्याकडे पाठवते. तिथे निदान ती बोलेल. आश्रमातली एक ओळखीची बाई सुट्टीत तिकडेच येतेय, तिच्याबरोबर विमानात बसवीन. तू हो म्हण, म्हणजे तिकीट काढते.

बयो

२४ नोव्हेंबर

बयो,

हे पत्र लिहायला मला पूर्ण दिवस लागतोय, तेव्हा ओळी वाकड्यातिकड्या गेल्या असतील तर समजून घे.

माझे डोळे गेलेत. सगळे नाहीत, कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. माणूस समोर उभा राहिला की मला त्याचे कान दिसतात, चेहऱ्याच्या जागी धूर. मे महिन्यापासून आहे. डॉक्टर म्हणाले, यात परत येणं नाही, आहे ते राहिलं तर नशीब. मामा सोडून कुणाला सांगितलं नाही. तू नवऱ्याचं घर सोडून, देश सोडून निघाली होतीस. त्यात हे कुठे तुझ्या गळ्यात घालू?

कोड्याची चौकट आखायला मधलंच दिसावं लागतं. माझ्याकडे साप्ताहिकाच्या दिवसांतला एक पुठ्ठा आहे, काळ्या घरांच्या जागी भोकं पाडलेला. कागदावर ठेवायचा आणि भोकं बोटांनी चाचपून काळी करायची. त्या चौकटीत कुठे कोणता शब्द बसतो ते मला पाठ आहे. त्यात मी भरत गेले. मधले चार-सहा शब्द बदलले की मन मानायचं, की नवं केलं. साप्ताहिकात असं कुणी दिलं असतं तर मी त्याच्या तोंडावर फेकलं असतं. पण तू मागितलंस आणि मला नाही म्हणवलं नाही. खरं सांगू, कुणीतरी माझ्याकडून अजून काही मागतंय, याचंच बरं वाटलं.

'शब्द आले की तोंड आपोआप उघडतं' असंही मी लिहून गेले. ते मला आठवलं की आता लाज वाटते. वर्गात मी असं कधीच केलं नव्हतं. आधी मुलांकडून बोलून घ्यायची, गोंधळ घालू द्यायची, शेजारच्या वर्गातून तक्रार यायची. कोडं नंतर, बक्षीस म्हणून. तुझ्या मुलीला मी नुसतं बक्षीसच खाऊ घातलं.

आता तिला इकडे पाठवण्याचं. तुझं पत्र मामाने वाचलं आणि शेवट ऐकल्यावर मी हो लिहायला बसले होते. पेन उघडलंही होतं. मग मामा म्हणाला, "ताई, तिला शाळेत कोण सोडणार? तू? तुला समोरून येणारी मोटार दिसत नाही. मी? मी जाईस्तोवर शाळा सुटेल." त्याच्यावर ओरडले, पण खरं तेच आहे. मी रस्ता एकटी ओलांडू शकत नाही. दूध उतू गेलं तर मला वासावरून कळतं. आठ वर्षांची पोर इथे आली तर महिन्याभरात ती मला सांभाळायला लागेल. गप्प राहील की नाही ते माहीत नाही, पण मोठी होऊन बसेल.

पाठवू नकोस. हे लिहिताना माझा हात किती जड झालाय ते तुला कागदावर दिसत असेलच.

आणि कोडी बंद. तिला म्हणावं, दुकान बंद झालं.

मास्तरीण म्हणून एकच गोष्ट विचारते. ती चुकायला घाबरते. शाळेत तीस-चाळीस पोरं चूक पकडायला टपलेली असतात. वृद्धाश्रमातल्या तुझ्या मजल्यावर चुका काढणारं कुणी आहे का? त्यांना गिळा म्हटलं तर गिळतात, अशी माणसं ती. अर्ध्या दिवसाची शाळा असेल तेव्हा तिला तिथे घेऊन जा. काही शिकवू नकोस, बसू दे नुसती. जमलं तर जमलं.

तुझी,
मावशी

१९ डिसेंबर

ती. मावशीस,
सा. न.

तुझं पत्र वाचून मी आश्रमाच्या कपड्यांच्या खोलीत बसून रडले. मग चादरींच्या घड्या घातल्या. दोन्ही कामं एकदम होतात, हे मला इथे कळलं. त्या पत्रातल्या माझ्या बोलण्याबद्दल काय लिहू. मी तुझ्यावर डाफरले आणि तू बोटांनी चाचपत घरं काळी करत होतीस. मला सांगायला हवं होतंस. मीही तुला सांगायला हवं होतं. आपलं घराणंच तसं, जळलं तरी धूर दिसू द्यायचा नाही.

तू सांगितलंस तसं केलं. परवानगी मागितली असती तर नाही मिळाली असती, म्हणून मागितलीच नाही. बुधवारी शाळा अर्धाच दिवस असते, तेव्हा तिला घेऊन गेले आणि जेवणाच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. मुख्य परिचारिकेने भुवई वर केली. मी पाठ दाखवून चादरी उचलल्या.

तिथे खिडकीपाशी एक आजोबा असतात. आयुष्यभर बस चालवली. आता पाच मिनिटांपूर्वीचं आठवत नाही. त्यांना मुंगी दिसली. "तू कोण? कुणाची?" मुंगी गप्प. "आई कुठाय?" गप्प. आजोबांनी काय करावं? खुर्चीजवळची संकटाची घंटा दाबली. सगळा मजला धावत आला. तर आजोबा म्हणतात, बसमध्ये मूल हरवलंय, पोलिसांना कळवा! परिचारिकेने मला चारचौघांत झापलं. सगळं समजलं नाही, पण झापणं कुठल्याही भाषेत समजतं.

पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. तू कोण, कुणाची, आणि घंटा. या वेळी परिचारिका म्हणाली, आणखी एकदा झालं तर मुलगी इथे दिसता कामा नये, आणि तुमच्याबद्दलही विचार करावा लागेल. मुंगी माझ्या तोंडाकडे बघत होती. घरी येताना जिन्यात दिवा विझला तेव्हा अंधारात म्हणाली, "आई, ते तुला काढून टाकतील?" मी म्हटलं, "नाही गं." आवाज काही बरोबर लागला नाही माझा.

गेल्या बुधवारी मी एका आजींना भरवत होते. आजोबांनी मान वळवली, मुंगीला बघितलं, "तू कोण?" म्हणाले आणि हात घंटेकडे निघाला. मुंगी खुर्चीतून उठली, धावत गेली आणि त्यांचं मनगट धरलं. आणि ओरडली गं! फ्रेंचमध्ये! "काल सांगितलं! परवा पण सांगितलं! मी तिची मुलगी! ती आई!" माझ्याकडे बोट दाखवून. काल नव्हतं आणि परवाही नव्हतं, आणि सांगितलं तर कधीच नव्हतं. चहाची गाडी ढकलणारी बाई म्हणाली की त्यात एकही क्रियापद धड नव्हतं. मला तर वाटलं भांडतेय.

आजोबा शांतपणे म्हणाले, "मग रागावतेस कशाला? बस." ती बसली. जरा वेळाने त्यांनी मान वळवली. "तू कोण?" मुंगीने कपाळाला हात लावला, हुबेहूब तुझ्यासारखा, आणि परत सगळं सांगितलं. दुपारभर हेच चाललं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला शाळेचं नाव आलं. मग चौथा मजला आला. मग बोट दाराच्या फटीत सापडलं होतं तेही आलं, नखासकट. आजोबांनी प्रत्येक वेळी ते बोट हातात घेऊन पाहिलं आणि प्रत्येक वेळी त्यांना तेवढंच वाईट वाटलं.

आता तुला वाटेल, झालं, गंगेत घोडं न्हालं. नाही न्हालं. काल बाईंची शेवटची भेट झाली. वर्गात ती अजूनही बोलत नाही. मी आजोबांचं सांगितलं, हुकूम जोडून जोडून कसंबसं. बाई हसल्या, त्यांचे डोळेही भरले, पण नियम तो नियम. सुट्टीनंतर लहान्यांच्या वर्गात. त्यांनी मला तो वर्ग दाखवला. इवल्याशा खुर्च्या आहेत. मुंगीचे गुडघे हनुवटीला लागतील.

बाहेर पडताना माझ्या मनात पुन्हा तिकीट आलं. तू नको म्हटलंस तरी आलं. एखाद्या वसतिगृहात ठेवावी, आपल्या भाषेत शिकेल, असंही वाटलं. शेवटी तिलाच विचारलं, बसच्या थांब्यावर. "तुला परत जायचंय का? मावशीआजी आहे, मामाआजोबा आहेत. इथे लहान मुलांत बसावं लागेल."

बस आली नि गेली.

"मी गेले तर ते रोज घंटा वाजवतील," म्हणाली. "तुला बोलणी बसतील. त्यांना कोण सांगणार मी कोण ते?"

मी म्हटलं, "अगं, तू नसलीस तर ते विचारणारच नाहीत."

"विचारतील," ती म्हणाली. "ते विसरत नाहीत विचारायला."

मी परत आत जाऊन बाईंना लहान्यांच्या वर्गाला हो म्हणून आले. दमले आहे, मावशी. पण काल पहिल्यांदा चौथ्या मजल्यापर्यंत मध्ये न टेकता चढले.

तुझी,
बयो

२९ डिसेंबर

चि. बयोस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मामाच्या हातचं आहे, मी सांगतेय. त्याला म्हटलंय, शब्द बदलू नकोस.

(बदलत नाही. पण ताई फार भरभर सांगते. – मामा)

तुझं पत्र याने तीनदा वाचलं. बसवाल्या आजोबांच्या जागी दर वेळी वेगळा आवाज काढला, एकही बरा नव्हता. मुंगीने मनगट धरलं तिथे मी याला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग म्हटलं, पुढे वाच.

लहान्यांत बसली तर बसू दे. तिथे ती सगळ्यांत मोठी असेल. बुटांच्या नाड्या बांधायला, नाकं पुसायला तिलाच बोलावतील. आणि पाच वर्षांच्या पोराला गप्प बसून नाक पुसता येत नाही, "थांब, हलू नकोस" म्हणावंच लागतं. तिचं काही बिघडलेलं नाही. बिघडलं होतं ते आपल्या दोघींच्या डोक्यात, की वरच्या वर्गातच अब्रू असते.

मला तिची सवय लागली असती, हे खोटं नाही. पण तू केलंस तेच बरोबर. तिच्या आईजवळ राहू दे तिला.

तू पाठीची काळजी घे. परिचारिकेशी वाद घालू नकोस, तिच्यासाठी दर रविवारी काहीतरी गोड करून ने. पट्टा बांधणारी बाई आतून मऊ असते.

बाकी सगळं ठीक. डोळे आहेत तसेच, म्हणजे वाईट नाही. मामा लिहितो आहे तोवर पत्रं येत जातील. थांबते.

तुझी,
मावशी

(मी मामा. ताई आता आत गेलीय, तेव्हा माझ्या चार ओळी. तुझं ते नोव्हेंबरचं पत्र आलं त्याच दुपारी तिने मला वरच्या माळ्यावरून जुना लहान पलंग खाली आणायला लावला होता, गुडघ्यासकट. तिच्या खोलीत खिडकीखाली लावला, गादी उन्हात घालून घेतली, उशीला नवा अभ्रा शिवून घेतला. हो लिहायला बसली होती म्हणाली ना, त्याच्याही आधीची ही गोष्ट. तुला नाही म्हणून लिहिलं आणि त्या दिवशी ती त्या पलंगाच्या कडेवर बसून होती, जेवायला उठली नाही. आज तुझं पत्र ऐकून म्हणाली, "आता तो पलंग वर नेऊन ठेव, जायला-यायला अडचण होते, मला दिसत नाही, ठेच लागते." मी म्हटलं, "माझा गुडघा एकदा खाली आणण्यापुरताच होता." ती म्हणाली, "आळशी आहेस." पण पुन्हा म्हणाली नाही. तुमच्या शाळेला उन्हाळ्यात मोठी सुट्टी असते का, ते कळव. कुणाला सांगायचं नाही, मला नुसतं माहीत असलेलं बरं.)